दीर्घ विज्ञानमालिकेत पात्र कसे वाढवावे

चित्रपटातील पात्राला दोन-अडीच तास तग धरायचा असतो. मालिकेतील पात्र मात्र प्रेक्षकाच्या घरात वर्षानुवर्षे वावरते, आणि एवढ्या काळात त्याच्यात काहीच बदलले नाही तर ते खोटे वाटू लागते, फार बदलले तर परके होते. दैनंदिन कौटुंबिक मालिका लिहिणाऱ्यांना ही अडचण चांगली ठाऊक आहे. तेथे ती बहुधा ट्रॅक बदलून टाळली जाते: नवी खलनायिका येते, कोणाची तरी स्मृती जाते, सात वर्षांचा लीप घेतला जातो, आणि नायिका मात्र पहिल्या भागात होती तशीच सोशिक राहते. विज्ञानमालिकेत ही अडचण अधिक बिकट होते, कारण तेथे मेलेला परत आणता येतो, काळ मागे फिरवता येतो, शरीर बदलता येते आणि आठवणही पुसता येते. ज्या जगात सगळेच दुरुस्त होऊ शकते तेथे माणसाला बदलण्याचे कारणच उरत नाही. म्हणून पुढील सर्व सूचनांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: मालिकेतील विज्ञान काहीही दुरुस्त करू शकत असले तरी पात्राने केलेली निवड त्याला दुरुस्त करता येऊ नये. अशा न पुसता येणाऱ्या निवडी साठत जातात, तसे पात्र वाढत जाते.

हे मार्गदर्शन कोल्हापुरात बसून मालिका लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि १९२९ साली स्थापन झालेली प्रभात यांच्यापासून या शहराला चित्रनिर्मितीची सवय आहे, चित्रनगरीत मालिकांची चित्रीकरणे होतात, आणि तंत्रज्ञ व नट येथे मिळतात. उणीव आहे ती लांब पल्ल्याच्या विज्ञानकथनाच्या सरावाची. १९३८ साली कोल्हापुरातच जन्मलेल्या जयंत नारळीकर यांच्यासारख्या लेखकांनी मराठी विज्ञानकथेला वाचक मिळवून दिला, पण ती परंपरा मुख्यतः कथेची आहे. कथेत कल्पनेला मध्यभागी बसवून माणसाला तिचा साक्षीदार करता येते आणि ते शोभूनही दिसते. शंभर भागांत साक्षीदार पुरत नाही.

आधी कोणाची अडचण, मग कोणते यंत्र

बहुतेक नवे लेखक यंत्रापासून सुरुवात करतात. कालयान, क्लोन, परग्रहावरची वसाहत, असे काहीतरी सुचते आणि त्याभोवती माणसे जमवली जातात. कल्पना आधी सुचणे गैर नाही, परंतु ती सुचताच विचारावे की हिच्यामुळे सर्वांत जास्त अडचणीत येणारा माणूस कोणता. त्यालाच नायक करावे, आणि ज्याला ती कल्पना सोयीची आहे त्याला दुय्यम स्थान द्यावे.

उदाहरणासाठी एक मालिका येथेच रचू आणि पुढे तीच वापरू. वर्ष २०७१. कसबा बावड्याजवळ, राजाराम बंधाऱ्याच्या काठी, पूर-अंदाज केंद्र आहे. या बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आजचे मोजमाप पावसाळ्यात कोल्हापुरातील शाळकरी मुलालाही तोंडपाठ असते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. आपल्या मालिकेतील केंद्रात एक गणनयंत्रणा आहे, जिला कर्मचारी ‘आबा’ म्हणतात. प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी किती पाणी असेल हे आबा दहा दिवस आधी सांगतो. मेख एकच आहे. अंदाज जाहीर झाला की वरच्या धरणांतून पाणी आधीच टप्प्याटप्प्याने सोडले जाते, त्यामुळे पूर कमी येतो आणि अंदाज खोटा पडल्यासारखा दिसतो. आबा जितका उपयोगी, तितका तो लोकांच्या लेखी थापाड्या, आणि दर पावसाळ्यात त्याच्यावर विश्वास ठेवणारे थोडे कमी होतात.

ही कल्पना कोणाला छळेल? ज्याला खोटे बोलता येत नाही त्याला. म्हणून केंद्राची प्रमुख सुमन चौगले ही आकड्यांशी प्रामाणिक, जरा तुसडी, आणि बंधाऱ्यावरच्या चौकीदाराची भाची आहे. तिचे दत्तूमामा आयुष्यभर बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालत आणि काढत आले आहेत आणि दगडावरच्या ओल्या रेषेवरून पाणी सांगतात. पहिल्या पर्वात सुमन आबाचा आकडा जसाच्या तसा जाहीर करते, एक वाडी विश्वास ठेवत नाही आणि बुडते. दुसऱ्या पर्वात ती आकड्यात दोन फूट वाढवून सांगते, लोक घाबरून हलतात, सगळे वाचतात, आणि हे तिच्याशिवाय फक्त आबाला आणि दत्तूमामांना कळते. तिसऱ्या पर्वात ते उघडकीला येते. चौथ्या पर्वात तिच्या जागी आलेला अधिकारी खरा आकडा सांगतो आणि सुमनचाच त्यावर विश्वास बसत नाही.

चारही पर्वांत यंत्र तेच आहे. बदलत जातो तो सुमनचा सत्याशी असलेला व्यवहार, आणि तो बदलतो तो तिने स्वतः केलेल्या कृतीमुळे. तुमच्या नायकाचा प्रश्न एका वाक्यात लिहून काढा (येथे तो असा: लोकांना वाचवण्यासाठी त्यांच्याशी किती खोटे बोलावे?) आणि प्रत्येक पर्वाच्या शेवटी त्याचे उत्तर वेगळे येते का ते पाहा. दोन पर्वांचे उत्तर एकच येत असेल तर त्यांतील एक पर्व अनावश्यक आहे, मग त्यातला पूर कितीही मोठा असो.

पात्राची वही

मालिकेचे बायबल, म्हणजे तिच्या जगाची आणि पात्रांची संदर्भवही, बहुतेक संघांकडे असते, पण त्यात जगाचे नियम आणि पात्राचे वय, शिक्षण, आवडीनिवडी एवढेच लिहिलेले असते. पात्राच्या वाढीसाठी ते पुरत नाही, कारण त्यात काळ नसतो. मराठी मालिकेत कथाविस्तार एक जण लिहितो, पटकथा दुसरा आणि संवाद तिसरा. चाळिसाव्या भागात सुमनने मामांना दिलेला शब्द एकसष्टाव्या भागाच्या संवादलेखकाला ठाऊक असेलच असे नाही. म्हणून प्रत्येक प्रमुख पात्राची वेगळी वही ठेवावी आणि प्रत्येक भाग मंजूर झाला की त्याच दिवशी ती भरावी. पर्व संपल्यावर भरू म्हणणाऱ्यांच्या वह्या कोऱ्या राहतात.

वहीत चार रकाने पुरतात. पात्राला काय कळले आणि कोणत्या भागात कळले, हा पहिला. त्याने कोणापासून काय लपवले आहे, हा दुसरा. तो कोणाचे देणे लागतो, म्हणजे उपकार, वचन किंवा अपराध, हा तिसरा. आणि काय गमावले जे मालिकेतील कोणत्याही तंत्राने परत येणार नाही, हा चौथा. पहिले दोन रकाने तुम्हाला चुकांपासून वाचवतात. कथा पुढे नेण्याचे काम शेवटचे दोन करतात, विशेषतः तिसरा, कारण लागलेले देणे कधीतरी मागितले जाते आणि त्यातून आयता भाग मिळतो.

वही नसली की काय होते, आणि असलेल्या नोंदीचा मान राखला की काय साधते, याचे उत्तम उदाहरण बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेत आहे. ती १९६३ साली सुरू झाली. तिचा नायक मरणाच्या दारात पोचला की नव्या शरीराने उभा राहतो. १९७६ साली एका कथेत असे ठरून गेले की हे रूपांतर बाराच वेळा होऊ शकते. त्या वेळी बारा हा आकडा फार दूरचा वाटला असणार. मालिका चालत राहिली आणि २०१३ साली लेखकांना तो नियम सोडवावाच लागला. त्यांनी तो गुपचूप विसरून जाण्याऐवजी त्याचीच कथा केली: आपले सगळे जन्म संपले आहेत असे समजून नायक एकाच गावाचे रक्षण करत तेथेच म्हातारा होतो, आणि त्यानंतर त्याला नवे आयुष्य मिळते. जुना नियम ओझे झाला होता, पण तो मानल्यामुळेच सतत पळणाऱ्या त्या नायकाला एका जागी थांबलेला पाहता आले.

परिणामाला स्वतःचा भाग द्या

येथे थोडे थांबून लिहितो, कारण बहुतेक मालिका येथेच घसरतात.

मोठी घटना लिहिणे अवघड नाही. यान फुटते, शहर बुडते, नायक शत्रूच्या हाती सापडतो, हे सगळे कोणालाही सुचते. अवघड असते ते पुढच्या सोमवारी काय होते हे लिहिणे. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या १९८७ ते १९९४ अशी सात पर्वे चाललेल्या मालिकेत, १९९० साली, कर्णधार पिकार्डला बोर्ग नावाचे यंत्रमानवी शत्रू पकडतात, आपल्यातला एक करतात आणि त्याच्याच ज्ञानाने त्याच्या माणसांचा संहार करवतात. दोन भागांत तो सुटतो. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिसऱ्या भागात नवा ग्रह आणि नवे संकट यायला हवे होते. त्याऐवजी लेखकांनी पिकार्डला फ्रान्समधल्या गावी, द्राक्षमळ्यात राहणाऱ्या मोठ्या भावाकडे पाठवले. त्या भागात त्याच्यावर कोणतेही अंतराळसंकट येत नाही. दोघे भाऊ टोमणे मारतात, चिखलात झोंबतात, आणि त्या झोंबीनंतर हा शिस्तीचा, पुस्तकी, अलिप्त माणूस रडतो, कारण आपण त्यांना थांबवू शकलो नाही हे तो पहिल्यांदा बोलून दाखवतो. प्रेक्षकाला तीन पर्वे ओळखीचा असलेला कर्णधार त्या चिखलात खऱ्या अर्थाने कळतो.

याच्या उलट उदाहरण त्याच घराण्यातले आहे. ‘व्हॉयेजर’ (१९९५ ते २००१) या मालिकेचे बीज अधिक नाट्यपूर्ण होते: एक जहाज घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर फेकले जाते, आणि त्यावर एकमेकांचे विरोधक असलेले दोन गट नाइलाजाने एकत्र राहतात. इतक्या लांबच्या वाटेवर जहाज झिजायला हवे होते आणि त्या गटांतला ताणही वर्षानुवर्षे पुरायला हवा होता. पण बहुतेक भागांच्या शेवटी सर्व काही पूर्ववत होई आणि विरोधकांचे वैर लवकरच मिटून गेले. एका गाजलेल्या कथेत जहाजाची वर्षभर वाताहत दाखवली आणि शेवटी काळच मागे फिरवून ती घडलीच नाही असे केले. प्रेक्षक म्हणून ती कथा थरारक वाटते. लेखक म्हणून पाहिले तर तो हातात आलेला खजिना परत पुरून टाकण्याचा प्रकार आहे. काळ मागे फिरवायचाच असेल तर निदान एका पात्राला सगळे आठवत राहिले पाहिजे, आणि ते दुसऱ्या कोणाला सांगता येऊ नये.

परिणाम दाखवणे म्हणजे सतत दुःख दाखवणे, असा गैरसमज होऊ नये. ‘स्टार ट्रेक’च्याच ‘डीप स्पेस नाइन’ (१९९३ ते १९९९) मध्ये नॉग नावाचा फेरेंगी जमातीचा मुलगा पहिल्याच भागात चोरी करताना पकडला जातो. ती जमात नफ्यापलीकडे काही न जाणणारी म्हणून दाखवलेली आहे आणि तो मुलगा केवळ विनोदापुरता आहे असे वाटते. तिसऱ्या पर्वात तो सैनिकी प्रबोधिनीत जाण्याची परवानगी मागतो, कारण हातात कला असूनही आयुष्यभर दबून राहिलेल्या बापासारखे त्याला व्हायचे नाही. सातव्या पर्वात तोच तरुण अधिकारी युद्धात पाय गमावतो. कृत्रिम पाय बसवणे त्या जगातील वैद्यकाला अवघड नाही, आणि म्हणूनच पुढची चाल महत्त्वाची आहे: पाय बसला तरी भीती जात नाही. तो एका आभासी मनोरंजनगृहात, एका आभासी गायकाच्या सोबतीत लपून राहतो आणि त्याला बाहेर काढण्यासाठी पूर्ण एक भाग खर्च केला जातो. विज्ञानाने शरीर दुरुस्त केले, निवड दुरुस्त केली नाही. नॉग हे मुख्य नामावलीतले पात्रही नव्हते, ही गोष्ट दुय्यम पात्रांना गृहीत धरणाऱ्या लेखकांनी लक्षात ठेवावी.

आता सुमनकडे येऊ. तिने दोन फूट वाढवून सांगितले, सगळे वाचले. पुढच्या भागात नवा पूर आणू नका. ऊन पडू द्या. प्रयाग चिखलीत गावकरी तिचा सत्कार ठेवतात, सरपंच भाषण करतात, शाल आणि नारळ देतात, आणि दत्तूमामा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत नाहीत, कारण दगडावरची रेषा त्यांनी वाचली आहे. सुमन शाल घेते. हा नकार देण्याचा क्षण होता आणि तो गेला. वहीच्या चौथ्या रकान्यात त्या रात्री नोंद होते: मामांचा विश्वास. प्रत्येक मोठ्या घटनेनंतर दोन-तीन भागांच्या आत असा एक भाग ठेवावा. निर्मात्यालाही तो परवडतो, कारण त्यात दृश्यपरिणामांचा खर्च जवळजवळ नसतो. खर्चाच्या बैठकीत हा मुद्दा कलेच्या मुद्द्याआधी मांडावा.

ठरलेली बाजू उलटवून पाहणे

दीर्घ मालिकेत पात्रे ठरावीक बाजू घेऊन बसतात: एक श्रद्धाळू, एक शंकेखोर, एक तापट, एक विनोदी. पहिल्या पर्वात याने सोय होते आणि चौथ्या पर्वात पात्राचा पुतळा होतो. ‘एक्स-फाइल्स’ (१९९३) या मालिकेतील एफबीआयच्या दोन तपास अधिकाऱ्यांपैकी मल्डर अद्भुतावर विश्वास ठेवणारा आणि स्कली वैज्ञानिक पुराव्याशिवाय न मानणारी. पण पहिल्याच पर्वात एक भाग असा आहे की वडिलांच्या मृत्यूनंतर स्कली एका कैद्याच्या दिव्यदृष्टीवर विश्वास ठेवू पाहते आणि मल्डर शंका घेतो. बाजू उलटवल्याबरोबर दोघांची कारणे उघडी पडली: तिची शंका ही केवळ बुद्धीची नव्हती, आणि त्याची श्रद्धाही सरसकट नव्हती. पुढे वर्षानुवर्षे विचित्र गोष्टी पाहूनही ती शंका घेत राहिली तेव्हा मात्र ते हट्टासारखे दिसू लागले होते. आठव्या पर्वात, २००० साली, मल्डर बहुतेक काळ बाजूला गेला, डॉगेट हा नवा शंकेखोर आला आणि स्कलीला श्रद्धेच्या खुर्चीवर बसावे लागले. हा बदल माझ्या मते दोन पर्वे आधी व्हायला हवा होता.

करायचे ते असे: पहिल्या दहा भागांत एक भाग निवडा ज्यात पात्र आपल्या नेहमीच्या बाजूविरुद्ध वागते, आणि त्याला तसे वागायला लावणारे कारण घरचे असू द्या, यंत्राचे नव्हे. आपल्या मालिकेत दत्तूमामा यंत्राला तुच्छ मानतात. नातू पुरात अडकल्याची शंका येताच तेच मामा मध्यरात्री केंद्रात येऊन आबासमोर उभे राहतात.

यंत्र आणि परका यांची वाढ

यंत्रपात्र माणसासारखे होत जाते, ही चाल इतकी वापरली गेली आहे की प्रेक्षकाला तिचा शेवट सुरुवातीलाच कळतो. तरीही तिच्यातून काढण्यासारखे आहे. ‘नेक्स्ट जनरेशन’मधील डेटा या यंत्रमानवावरची सर्वांत सकस कथा १९८९ ची आहे. डेटा ही सैन्यदलाची मालमत्ता आहे की त्याला स्वतःबद्दल निर्णय घेण्याचा हक्क आहे, यावर सुनावणी होते, आणि त्याचा मित्र रायकर याला त्याच्या विरुद्ध बाजू मांडणे भाग पाडले जाते. डेटामध्ये त्या भागात फारसा बदल होत नाही. त्याच्याभोवतीची माणसे बदलतात. शेवटी रायकर समारंभाला यायला लाजतो, तर डेटा त्याला सांगतो की तू स्वतःला झळ लावून मला वाचवलेस. यंत्राची वाढ दाखवायची तर त्याच्यामुळे माणसांना कोणती निवड करावी लागली हे दाखवावे.

आबासाठी अश्रू किंवा विनोदबुद्धी मागू नये. तो आकड्यांवर वाढलेला आहे, तर त्याची वाढही आकड्यांतूनच व्हावी. जाहीर केलेला आकडा आणि प्रत्यक्ष पातळी यांची तुलना करून आबा दरवर्षी स्वतःला सुधारतो. सुमनने वाढवलेले दोन फूट त्याच्या नोंदींत शिरतात, आणि दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस तो तिची सवय शिकतो: ती दोन फूट वाढवणार हे धरून तो दोन फूट कमी सांगू लागतो. कोणी त्याला फसवायला सांगितलेले नाही. आता सुमनने खरे बोलायचे ठरवले तर आकडा दोन फुटांनी कमी जाहीर होईल आणि माणसे मरतील. प्रत्यक्षातही स्वतःच्या अंदाजांच्या परिणामांवर शिकणाऱ्या यंत्रणांत असा फेरा तयार होऊ शकतो. तिसऱ्या पर्वाचे सगळे बळ त्यात आहे, कारण सुमनच्या दोषाची मुळे यंत्रात गेली आणि तिला ती उपटता येत नाहीत.

परक्यांबद्दल एकच सूचना पुरे: वैरी जोडीने वाढवावा. ‘बॅबिलॉन ५’ या १९९४ ते १९९८ दरम्यान चाललेल्या पाच पर्वांच्या मालिकेत लोंडो आणि जीकार हे दोन वैरी जमातींचे राजदूत आहेत. लोंडो पहिल्याच पर्वाच्या आरंभी सांगतो की त्याला आपला मृत्यू स्वप्नात दिसला आहे, आणि तेव्हा जीकारचे हात त्याच्या गळ्याभोवती असतील. प्रेक्षक ते वैराचे भाकीत समजतो. तिसऱ्या पर्वात तो प्रसंग दिसतो तेव्हा कळते की म्हातारा, परक्या सत्तेच्या ताब्यात गेलेला लोंडो स्वतःच जीकारला तसे करायची विनंती करत आहे, आणि तो मैत्रीचा शेवटचा उपकार आहे. भाकीत बदलले नाही, दोघे बदलले. आपल्या मालिकेत हे काम कर्नाटकातील अलमट्टी धरणावरचा अभियंता बसवराज हिरेमठ करू शकेल. पहिल्या पर्वात दूरध्वनीवरचा एक हेकट आवाज एवढेच त्याचे स्वरूप ठेवावे, सुमनने त्याला ‘तुमच्या धरणामुळे आमचे गाव बुडते’ असे सुनवावे, आणि तिचे खोटे उघडे पडल्यावर तिच्या बाजूने साक्ष देणारा एकटा तोच असावा, कारण तिकडे त्यानेही तेच केलेले आहे.

नट सोडून गेला तर

दीर्घ मालिकेत हे होतेच. मराठीत बहुधा रिप्लेसमेंट होते आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या चेहऱ्याची तीच सून स्वयंपाकघरात उभी असते. विज्ञानमालिकेला याहून चांगले करता येते. ‘डॉक्टर हू’ने १९६६ साली प्रमुख नटाची प्रकृती खालावल्यावर नायकाच्या शरीराचे रूपांतरच कथेत आणले, आणि ती सोय पुढे मालिकेची ओळख झाली. ‘बॅबिलॉन ५’चे कर्ते जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी ११० भागांपैकी ९२ स्वतः लिहिले, पाच वर्षांची कथा आधी आखली, आणि तरीही प्रमुख पात्रांसाठी कथेबाहेर पडण्याची एकेक वाट राखून ठेवली होती. पहिल्या पर्वानंतर प्रमुख नट गेला, तेव्हा नवा नायक आणला गेला आणि जुन्याचा धागा तिसऱ्या पर्वात पूर्ण करून घेतला. तुमच्या वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक पात्रासाठी अशी वाट लिहून ठेवावी, आणि त्या पात्राचे देणे मग कोणाकडे जाईल तेही लिहावे. लीप घेण्याचा मोह झाल्यास एवढेच पाहावे की मधली वर्षे वगळल्याने चौथा रकाना कोरा होत नाही ना.

बोलीतून दिसणारी वाढ

पात्र बदलल्याचे संवादात कोणी सांगू नये. ते बोलण्यातून कळावे, आणि कोल्हापूरच्या लेखकाला यासाठी जे हाताशी आहे ते मुंबईच्या लेखकाला नाही. येथे घराघरांत बाया ‘मी जातो’, ‘मी आलो’ असे बोलतात. सुमन मामांशी तसे बोलते: “मामा, तुम्ही जेवून घ्या, मी येतो.” केंद्रात आणि पुण्याच्या बैठकीत मात्र ती काटेकोरपणे ‘मी येते’ म्हणते. दोन पर्वे हा फरक कसोशीने, कुठेही उल्लेख न करता पाळावा. मग तिसऱ्या पर्वातील पत्रकार परिषदेत, लिहून आणलेले निवेदन बाजूला ठेवून ती “मी खोटं बोललो” म्हणते, तेव्हा कोल्हापूरच्या प्रेक्षकाला वेगळे काही समजावावे लागत नाही. हीच कसोशी आबाच्या भाषेतही हवी. तो छापील मराठी बोलतो आणि तसेच बोलत राहावा; चार पर्वांत त्याने मामांचा एखादाच शब्द उचलला तर तो ऐकू येईल, दहा उचलले तर तो विदूषक होईल. शिव्या, रांगडेपणा आणि ‘नाद खुळा’ यांची पेरणी करून कोल्हापूर उभे राहते, असा जो समज मालिकांनी पसरवला आहे तो येथील लेखकांनी तरी पाळू नये.

तपासणी

दर दहा-बारा भागांनी एक चाचणी घ्यावी. सुरुवातीच्या भागातील एखादा साधा प्रसंग उचलून आजच्या पात्राला त्यात उभे करावे आणि तो पुन्हा लिहावा. पाचव्या भागात चिखलीचा एक शेतकरी केंद्रात येऊन विचारतो, “मॅडम, पाणी चढणार काय?” आणि सुमन मान वर न करता फूट आणि इंच सांगते. साठाव्या भागातील सुमनला हाच प्रश्न विचारला तर ती आधी “तुमची जनावरं कुठं आहेत?” असे विचारेल, आणि आकडा सांगताना अडखळेल, कारण कोणता आकडा खरा हे तिला स्वतःलाच ठाऊक उरलेले नाही. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून ते संवादलेखकाला वाचायला द्यावेत, पण कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा हे सांगू नये. त्याने ते क्षणात ओळखले तर पुढे जावे. त्याला विचार करावा लागला तर वही उघडावी आणि चौथ्या रकान्यातील शेवटची नोंद कोणत्या भागाची आहे ते पाहावे; ती वीस भागांपूर्वीची असेल तर पुढील भागासाठी नवे संकट शोधण्याचे काम थांबवून, तिसऱ्या रकान्यातील सर्वांत जुने देणे कोणाचे आहे ते पाहावे आणि त्या माणसाला ते मागायला पाठवावे.